नवव्या गाण्यातली कडी

बुऱ्हाणपूर
१२ सप्टेंबर २०२५

भूषण,

पार्सल मिळालं. पोस्टमन म्हणाला, "पुण्याहून आहे काकू, पोराने काय पाठवलं?" मी म्हटलं, गुडघ्याचं औषध. तुझे बाबा तेव्हा बँकेत गेले होते. आतला तो बोटाएवढा पेनड्राइव्ह मी तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. ऐकलेलं नाही. ऐकायला आमच्याकडे काही नाहीही.

पत्र लिहायची सवय गेली. हिशेबाच्या वहीची मागची पानं फाडून लिहिते आहे, म्हणून कडेला लाल रेघ दिसेल.

तुमचा अल्बम पुरा झाला, नऊ गाणी झाली, वाचून बरं वाटलं. तुमच्या बँडचं नाव मोहरी. मला आधी फोडणीचीच आठवली. खाली तुमच्यात गाणाऱ्या ज्योत्स्नाने दोन ओळींत लिहिलं आहे, की मोहरीच्या दाण्याएवढी श्रद्धा असली तरी पुरते, असं तुमच्यात मानतात. अक्षर छान आहे तिचं. तिला सांग, वाचलं.

आता मुद्द्याचं. तू विचारलं आहेस, नवव्या गाण्याच्या सुरुवातीला माझा आवाज आला आहे तो ठेवू की काढू, आणि ठेवायचा असेल तर परवानगीच्या कागदावर सही करून दिवाळीआधी पाठव. काढून टाक. तिन्हीसांजेचं ते गाणं माझ्या आईचं आहे. तिनेच, चंद्रभागाबाईंनी, मला ते देवापुढे म्हणायला शिकवलं. ते येशूच्या गाण्यांत जाऊन बसलं तर तिला वर काय वाटेल? शिवाय मला न विचारता तू गल्लीत उभा राहून रेकॉर्डिंगचं मशीन चालू केलंस, हेही बरं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी तू दार वाजवलंस तेही त्यात आलं आहे म्हणतोस. "तेवढं मी कापून टाकीन, फक्त तुझं गाणं राहील, कोणाला काही कळणार नाही," असं लिहिलं आहेस. कळण्यासारखं काय आहे त्यात? मला दार वाजल्याचं ऐकूच आलं नव्हतं. समोर कडूच्या कारखान्यातले कापडाचे लूम दिवसभर खडखडत असतात, तुला माहीत आहे. आणि दिवेलागणीला पुढचं दार बंद का होतं, हे तू विचारलं नाहीस तरी सांगते. मच्छर फार झाले होते.

"बाबांनी उघडू दिलं नसेल, मला समजतं," असंही लिहिलं आहेस. त्यांचा राग तुला नवा नाही. त्यांना फोन करत जाऊ नकोस. ते उचलत नाहीत आणि तू मनाला लावून घेतोस.

मंगळवारी आजीचं श्राद्ध आहे. खीर करीन. तुला आवडायची.

आई

१९ सप्टेंबर २०२५

भूषण,

तुझं उत्तर यायच्या आधीच हे दुसरं लिहिते आहे.

अमृता माहेरी आली आहे. काल खिचडीला तांदूळ काढायला गेली आणि डब्यातून तुझा पेनड्राइव्ह घेऊन बाहेर आली.

"आई, हे काय पेरलंस तांदळात? उगवेल का?"

 ती हसायला लागली. म्हणाली, "दादाचं ना? मला त्याने कधीच मोबाइलवर पाठवलंय. सुनील तर केळीच्या पॅकिंगला हेच लावून ठेवतो. मजूर विचारतात, भाऊ, हे गाणं आहे का मोटरीत हवा धरली?"

सुनीलराव ऐकतात. फोपनारच्या केळीच्या शेडमध्ये तुझं गाणं वाजतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. लग्न होऊन चार महिने झाले आणि मी अजून त्या घरी गेले की तुझं नाव निघू नये म्हणून केळीच्या भावाचं बोलत बसते.

"ऐकायचं का?" अमृता म्हणाली. हे घरी नव्हते. मी हो म्हटलं.

पहिल्या गाण्यात किती तरी वेळ कोणी गातच नाही. मी म्हटलं, बिघडलं वाटतं. "गप बैस गं जरा," ती म्हणाली. मग थेंब पडल्यासारखं काही वाजलं आणि त्याच्यामागे दुसरा थेंब, लांबचा. गिटार होती ती, अमृताने सांगितलं तेव्हा कळलं. गिटार म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये किंचाळते तीच मला माहीत. ही तशी नव्हती. भिंतीला ओल चढते ना, तशी ती हळूहळू वर येत होती. मला एकदम कुंडीचा वास आला. आवाजाला वास असतो का, हे मला माहीत नाही. पण आला.

तू सात वर्षांचा होतास. बाबांच्या कागदाच्या मिलच्या कॉलनीतून आपण कुंडी भंडारा बघायला आलो होतो. जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या त्या विहिरी बघून तू एका कुंडीच्या काठावर पोट टेकून खाली "आई" अशी हाक मारलीस. हाक खाली गेली आणि पुढच्या कुंडीतून वर आली. तू मला विचारलंस, "तिकडून कोण बोललं?" मी म्हटलं, तुझाच आवाज आहे वेड्या. तू ऐकेनास. "नाही. खाली कोणीतरी आहे." बसमध्ये घरी पोहोचेपर्यंत तेच. शेवटी मी एक चापट दिली होती.

अल्बमचं नाव मी काल पाहिलं. खाली कोणीतरी आहे. चापटीचं तुला आठवत नसावं अशी आशा आहे.

शब्द थोडेच आहेत गाण्यांत. ज्योत्स्ना गाते तेव्हा दूर पायऱ्यांवरून कोणी बोलत उतरतं आहे असं वाटतं. येशूचं नाव दोनदाच आलं. मी मोजत होते, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या गाण्यानंतर मोजायचं विसरले.

मग नववं. आधी कडूचे लूम. मग गल्लीतली मालती भाजीवाल्याशी भांडते आहे, "कल तो ताजी बोला था भय्या!" अमृता इतकी हसली. मग तुमच्या चपला. आणि मग मी.

दिवा लागला देवाला, नका लावू गं कवाड,
वाट चुकल्या पावलाला दारामधून उजेड.

स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की कोणी दुसरीच बाई वाटते. आणि मग कडी. आपली कडी. एक मोठा ठोका आणि त्याच्या शेपटाला एक छोटा. ह्यांनी मिलमधल्या जुन्या मशीनची पितळी वळी आणून बसवली आहे, ती अशीच वाजते.

कडी वाजल्याबरोबर माझा आवाज चढला आहे.

दुसऱ्यांदा वाजली. आणखी चढला. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा तर मी ओरडतेच आहे.

अमृता हसायची थांबली होती. "आई, ही आपली कडी ना?"

"कड्या सगळ्यांच्या सारख्याच वाजतात."

"अशी नाही वाजत." तिने मोबाइल उलटा ठेवला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. मला आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. अमृताला बघायला पाहुणे आले होते, बैठकीत बसले होते. मला वाटलं गल्लीतली पोरं कडीशी खेळताहेत. तीच खोड आहे त्यांची. म्हणून उघडलं नाही. तू असशील असं कसं वाटणार?

आवाज काढूनच टाक.

आई

२७ सप्टेंबर २०२५

भूषण,

तुझं पत्र काल आलं. एकच ओळ. "ठीक आहे आई, पोरंच असतील."

शिव्या दिल्या असत्यास तर मी उत्तर दिलं असतं. नवरात्र चालू आहे, घट बसले आहेत, रोज फुलांची माळ चढवते आणि रोज ती ओळ डोळ्यांपुढे येते. देवीसमोर बसून खोटं पचत नाही. आता सगळं लिहिते.

त्या दिवशी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी पोह्यांना शेंगदाणे तळत होते. तू म्हणालास, "कुंडीवर रेकॉर्डिंगला आलोय. दिवेलागणीला घरी येतो. दार उघडं असेलच." मी म्हटलं, ये. ह्यांना सांगितलं नाही. वाटलं, पाहुणे चारला येणार, साडेपाचला जातील, मग तू येशील, मग ह्यांना आश्चर्य वाटेल. तू बाप्तिस्मा घेतल्याचं फोनवर सांगितलंस त्यानंतर हे महिनाभर धुमसले होते, पण नंतर तुझ्या खोलीतला पंखा स्वतः उतरवून साफ केला होता. मी बघितलं होतं ते. यायला हवा होतास तू.

पाहुणे सहा वाजता आले. फोपनारचे देवरामबापू, त्यांची बायको आणि सुनीलराव. हे त्यांच्यासाठी गरम मावा जिलेबी आणायला निघाले. अमृता आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या सारखी सोडत होती, बांधत होती. देवरामबापूंनी विचारलं, "मुलगा काय करतो आपला?" मी म्हटलं, पुण्याला कंपनीत आहे, कामामुळे बाहेरदेशी जावं लागतं. कुठल्या देशात, असं त्यांनी विचारलं नाही म्हणून वाचले.

साडेसहाला मी दिवा लावायला उठले. लग्न झाल्यापासून छत्तीस वर्षांत दिवेलागणीला मागचं दार लावून पुढचं सताड उघडायचं, हे मी एक दिवस चुकवलेलं नाही. बाळंतपणातसुद्धा शेजारणीकडून उघडून घेतलं. लक्ष्मी त्या वेळेला येते. मी पुढचं दार उघडायला गेले आणि कडूच्या कोपऱ्यावर तू दिसलास.

केस खांद्यापर्यंत. पाठीवर ती काळी पेटी. गळ्यात लाकडाचा क्रॉस, शर्टाच्या बाहेर. मागे ज्योत्स्ना, हातात मशीन. तू हसत होतास. आपल्या दाराकडे बघून हसत होतास.

मी दार लावलं. आतली खिट्टी घातली. वळले तर देवरामबापूंची बायको माझ्याकडे बघत होती. म्हटलं, मच्छर येतात.

मग देवापुढे बसले आणि गायला लागले. तू कडी वाजवलीस.

"ताई, दार वाजी राह्यलं," देवरामबापू म्हणाले. "भाऊसाहेब आले वाटते जिलेबी घेऊन."

गाता गाताच मी हाताने नको नको केलं. "गल्लीतली पोरं आहेत. खेळतात कडीशी."

दुसऱ्यांदा वाजली. सुनीलराव उठायला लागले. मी आवाज चढवला, ते बसले. देवाचं चाललं असताना कोण उठेल? तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. माझी रोजची पट्टी तुला माहीत आहे. कढईत वरण उकळावं इतकाच माझा आवाज असतो. त्या दिवशी मी माझ्या पोराला ऐकू यावं म्हणून गायले नाही, पाहुण्यांना पोरगा ऐकू येऊ नये म्हणून गायले. आणि गात काय होते? नका लावू गं कवाड.

देवरामबापूंनी हात जोडले. म्हणाले, "काय भक्ती हो ताई. अशा घरची पोरगी मिळाली तर आमचं घर उजळेल." त्या शब्दावर लग्न ठरलं.

मे महिन्यात लग्न लागलं. नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. शाहपूरच्या तुझ्या मावसभावाला उभं केलं. त्याने इतक्या भीतभीत पिळला की सुनीलराव म्हणाले, "जोरात पिळ ना भो, खरा साळा असता तर रडवलं असतं." सगळे हसले. मी अक्षता शोधायच्या निमित्ताने आत गेले.

आता हे ऐक. परवा अमृता म्हणाली, "मामंजींना दादाचं लग्नाआधीच माहीत होतं. मला बघायला येण्याच्याही आधी. म्हणाले होते, पोरगा येशूची गाणी म्हणतो ना? म्हणू दे. दारू पिऊन पडत तर नाही?" म्हणजे मी ज्यांच्यासाठी दार लावलं त्यांना ते लावलेलं नकोच होतं. बाहेरदेशाची माझी कंपनी त्यांनी तोंडावर ऐकून घेतली, माझी लाज राखायला.

अजून एक राहिलं. ते सगळ्यात वाईट. बाबांनी दार उघडू दिलं नाही, असं तुला वाटतं. हे घरात नव्हतेच. तू कोपऱ्यावरून वळल्यावर दहा मिनिटांनी हे जिलेबी घेऊन दुसऱ्या बाजूने आले. आठ दिवसांनी कडूने त्यांना सांगितलं, "भाऊ, तुमचा भूषण कुंडीवर दिसला होता, मोठमोठ्या मशीनी घेऊन." हे घरी आले आणि मला म्हणाले, "गावात येऊन गेला. बापाचं तोंड बघावंसं वाटलं नाही त्याला." मी भाकरी थापत होते. थापत राहिले. तेव्हापासून हे तुझा फोन उचलत नाहीत. मी आठ महिने त्यांना बोलू दिलं आणि तुलाही समजू दिलं. दोघांच्या मधे मीच बसले होते, खिट्टीसारखी.

आता तुझ्या दयेचं. तू म्हणाला होतास कडी कापून टाकतो, गाणं राहील. तसंच कर. कडी काप. मग ते नुसतं एका बाईचं देवाचं गाणं होईल. दसरा झाला की सही करून कागद पाठवते. ह्यांना मात्र काही सांगू नकोस. त्यांना सांगायची ताकद माझ्यात नाही.

आई

५ ऑक्टोबर २०२५

भूषण,

हे पत्र स्पीडपोस्टने टाकते आहे, आधी पोहोचावं म्हणून. मागच्या पत्रातलं शेवटचं तू अजून केलं नसशील तर करू नकोस.

दसऱ्याला अमृता आणि सुनीलराव सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात दिली, पाया पडले. संध्याकाळ होत आली होती. मी आत खिरीत साखर घालत होते. बाहेर हे आणि सुनीलराव बसले होते. मिल, केळी, पाऊस, सगळं बोलून झालं. सासरा-जावयाचं तुला माहीत आहे, बोलायला काही उरलं नाही की मोबाइल निघतो. सुनीलरावांना वाटलं, सासऱ्यांना खुश करावं. बिचाऱ्यांना काय माहीत.

"बाबा, सासूबाईंचं गाणं ऐकलं का तुम्ही? भूषणदादाच्या अल्बममध्ये आहे."

माझ्या हातातला डाव खिरीत पडला. मी बाहेर येईपर्यंत कडूचे लूम सुरू झाले होते, मोबाइलमधले. मालती भाजीवाल्याशी भांडली. मी दारात उभी. अमृता माझ्याकडे बघते आहे.

तुझ्या बाबांनी मशीनवर तीस वर्षं काढली. कागदाच्या त्या शंभर फुटी मशीनमध्ये कुठल्या रोलरचं बेअरिंग बिघडून बसलं आहे, हे ते डोळे मिटून सांगायचे. इंजिनियर लोक शिडी लावून बघायचे तर तेच निघायचं. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. माझं गाणं सुरू झालं तेव्हा थोडे हसले. कडी वाजली.

डोळे उघडले.

"थांब. मागे घे."

सुनीलरावांनी मागे घेतलं. परत वाजली. हे उठले, पुढच्या दारापाशी गेले, बाहेरच्या अंगाची वळी उचलली आणि सोडली. मोठा ठोका, मागून छोटा. मोबाइलमध्ये तोच.

"ही आपली. कधीची आहे?"

 सुनीलराव म्हणाले, "फेब्रुवारीतलं असेल बाबा. दादा कुंडीवर आला होता तेव्हाचं. आम्ही इथंच तर..." आणि त्यांना आपोआप कळलं. त्यांचा चेहरा मी बघितला. पोरं आहेत म्हणून मी ज्यांना बसवलं होतं, ते तेच तर होते.

मी सांगितलं. जावयासमोर, पोरीसमोर, उभ्या उभ्या. तुला लिहिलं त्यापेक्षा थोडक्यात, पण सगळं. फोन आला होता, मी ये म्हटलं होतं, बघितलं, लावलं, गायले. तुम्ही जिलेबी आणायला गेला होतात. तुम्ही आठ महिने पोराला नावं ठेवलीत आणि मी ठेवू दिली.

मला वाटलं, ओरडतील. मिलमध्ये त्यांच्या आवाजाला लोक घाबरायचे. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "शेवटचं परत लाव."

सुनीलरावांनी तिसरी कडी लावली.

"ही हळू आहे," ते म्हणाले. "पहिल्या दोन मनगटातून वाजवल्या आहेत. ही नुसती दोन बोटांनी. कळलं होतं त्याला, कोणी उघडत नाही. तरी वाजवली."

मला ते ऐकू आलं नव्हतं. इतक्या वेळा ऐकूनही मला फक्त माझा आवाज ऐकू यायचा.

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, पान घेतलं, मालतीच्या नळाचा वॉशर बदलून दिला. कडूकडे जाऊन बोलले, पण माझ्याशी नाही.  आठ महिन्यांपुढे दोन दिवस म्हणजे त्यांनी फार सवलत दिली.

काल दिवेलागणीला मी पुढचं दार उघडलं तर ते खुर्ची घेऊन उंबऱ्याच्या आत येऊन बसले. मी दिवा लावला. गाणं ओठांवर येईना. फेब्रुवारीतल्या त्या दिवसापासून मी ते रोज म्हणते आहे, पण ते म्हणणं नव्हतं, तोंड हलवणं होतं. मी नुसती निरांजनाकडे बघत बसले. मालती समोरून ओरडली, "वहिनी, आज गाणं नाही का? घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं!"

हे बाहेर बघतच म्हणाले, "त्याला सांग, कडी राहू दे."

एवढंच. आठ महिन्यांत तुला पहिला निरोप.

मग मी गायले. वरण उकळावं इतक्याच आवाजात.

म्हणून सांगते, काहीही कापू नकोस. गाणं आहे तसं, कडी आहे तशी, माझं ओरडणं आहे तसं. तू मला झाकायला निघाला होतास आणि मीही पांघरूण ओढून घेत होते. नुसतं गाणं ठेवलंस तर लोक म्हणतील काय भक्ती, आणि मला ते पुन्हा एकदा ऐकून घ्यावं लागेल. ते आता मला झेपणार नाही. ज्याला ऐकायचं त्याने दोन्ही ऐकावं. गल्लीतल्यांनी ऐकावं, फोपनारच्यांनी ऐकावं. ज्योत्स्नाला विचार, तिला त्या दिवशी बाहेर उभं राहून काय वाटलं. नाही, तू विचारू नकोस. मी विचारीन.

माझ्या आईचं गाणं येशूच्या गाण्यांत कसं बसेल, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. त्याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. तुझ्या देवाची मला भीती वाटते, हे खरं आहे, आणि तुला तो का लागला हे मला कळत नाही, हेही खरं. पण दिवा लावून दार बंद केलं ते मी माझ्याच देवासमोर. तुझ्या देवाने त्यात काही केलं नाही. तो बाहेर तुझ्याबरोबर उभा होता.

कागदावर सही केली आहे. "कमल वसंत सावदेकर", मॅट्रिकच्या फॉर्मनंतर पहिल्यांदाच अशी पूर्ण नावाने. खाली ह्यांनी साक्षीदार म्हणून केली आहे. साक्षीदाराची जागा कागदावर नव्हती, ह्यांनी रेघ ओढून केली.

लक्ष्मीपूजन एकवीसला आहे. भाऊबीजेला अमृता येणार, तिला ओवाळायला भाऊ हवा. ज्योत्स्नाला घेऊन ये, तिचं जेवण काय असतं ते कळव. क्रॉस काढून यायची गरज नाही. केसांना मात्र मी तेल लावणार.

ये म्हणून मी तुला आधी एकदा म्हटलं होतं, म्हणून ह्या वेळेला नुसतं ये म्हणत नाही. दिवेलागणीला ये. दार सताड उघडं असेल, तरी कडी वाजव. हे म्हणतात, त्यांना ती मोबाइलमधून ऐकायची नाही. मी तेव्हा गात असले तर गाणं अर्ध्यात सोडून उठेन. देवाचं मी बघून घेईन.

आई